गाव मोजणारं शास्त्र

पुण्याच्या वायव्येला, पवनेकाठी पिंपळे सौदागर आहे. आज तिथे उंच इमारतींच्या रांगा आहेत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जाणारी माणसं राहतात. १९१७ साली ते शेतकऱ्यांचं लहानसं गाव होतं. त्या वर्षी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची पाहणी छापली. जमीन, कर्ज, गुरं, पीक, खर्च, सगळं घरोघर विचारून लिहून घेतलेलं. १७७१ साली गावात सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराची जमीन, ४० एकरांची होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांच्या नावावर सातशेहून जास्त तुकडे होते आणि त्यांतले ४६३ एका एकराच्या आतले होते. साधारण सालातही बहुतेक घरांचं पोट नुसत्या शेतीवर भरत नव्हतं.

त्या वेळी गरिबी, विषमता आणि त्यांवरची धोरणं अभ्यासणारा ‘विकास अभ्यास’ नावाचा विषय जगातल्या कुठल्याच विद्यापीठात नव्हता. पाठ्यपुस्तकं या विषयाचा जन्म बहुधा २० जानेवारी १९४९ पासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात ‘अविकसित’ प्रदेशांना तंत्रज्ञानाची मदत देण्याचा चौथा मुद्दा मांडला. पुढे १९५२ मध्ये नेदरलँड्सच्या हेग शहरात सामाजिक अभ्यासाची संस्था निघाली आणि १९६६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या आवारात विकास अभ्यासाची संस्था निघाली. या तारखा खऱ्या आहेत. पण विषयाचा इतिहास एवढाच सांगितला, तर तो मदत देणाऱ्यांच्या कपाटातला इतिहास होतो. मला वाटतं, या विद्याशाखेला पहिल्यापासून दोन घराणी आहेत आणि तिच्या पुढच्या वाटचालीचा प्रश्न त्यांतलं कुठलं घराणं टिकवायचं, याच्याशी बांधलेला आहे.

पहिलं घराणं राज्य करणाऱ्यांचं. ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमध्ये हेलीबरीला आपल्या नोकरांसाठी कॉलेज काढलं होतं आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला लोकसंख्येच्या सिद्धांताचे माल्थस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती सुटत गेल्या, तसे वसाहतींच्या अधिकाऱ्यांसाठीचे अनेक अभ्यासक्रम नावं बदलून नव्या देशांच्या अधिकाऱ्यांसाठीचे झाले. हेगची संस्था इंडोनेशिया डचांच्या हातून गेल्यावर तीनच वर्षांनी उभी राहिली. त्या संस्थांत पुढे फार मोलाचं काम झालं, हे मनापासून मान्य करायला हवं. ससेक्सचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये विचारलेले तीन प्रश्न आजही कुठल्याही जिल्ह्याला विचारता येतात: गरिबीचं काय झालं, बेरोजगारीचं काय झालं, विषमतेचं काय झालं? या तिन्ही गोष्टी वाढल्या असतील, तर दरडोई उत्पन्न दुप्पट झालं तरी त्याला विकास म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण या घराण्याचा पैसा मदतीच्या खात्यातून येत राहिला आणि अभ्यासाचे प्रश्नही पैसा देणाऱ्यांकडूनच आले.

दुसरं घराणं गरिबीचा हिशेब मांडून राज्यकर्त्यांशी वाद घालणाऱ्यांचं. त्याचा मोठा भाग मुंबई इलाख्यात घडला. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रजी राज्यात देशाची संपत्ती बाहेर जाते आहे, हे मांडलं. दादाभाई नवरोजींनी १८७६ च्या निबंधात दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिलं. सरकार कैद्याला जगवायला जेवढं खर्च करतं, तेवढंही मोकळ्या माणसाला मिळत नाही, हा तो हिशेब होता आणि त्यातले आकडे सरकारचेच होते. दारिद्र्यरेषा हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीची ही दारिद्र्यरेषा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात, इंग्लंडच्या अनुभवावरून काढलेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असं मांडलं.

आणि १९१८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा, धारणा मोठ्या करा, असा त्या काळात तज्ज्ञांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा धरला. जमीन किती एकर आहे यावरून ती परवडते की नाही हे ठरत नाही. तिच्यासोबत बैल, अवजारं, भांडवल किती आणि राबणारे हात किती, यावर ते ठरतं. आपल्याकडे एवढ्याशा जमिनीवर फार माणसं अडकून पडली आहेत, त्यांतले कितीतरी हात रिकामे आहेत, आणि तोवर नुसते बांध मोडून काही होणार नाही. उद्योग वाढवा, हात शेतीबाहेर काढा, म्हणजे धारणेचा प्रश्न हलेल. शेतीतले जादा हात उद्योगाकडे वळवून विकास कसा होतो, याचं सूत्र अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं. १९७९ चं नोबेल त्यांना विकासाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी मिळालं आणि त्या कामाचा गाभा हेच सूत्र होतं. लुईस थोरच आहेत. पण विकास अभ्यासाच्या पहिल्या सत्रात लुईस वाचले जातात आणि ३६ वर्षं आधीचा हा निबंध वाचला जात नाही, ही अभ्यासक्रम आखणाऱ्यांची चूक आहे आणि ती मुंबई-पुण्यात होते, हे जास्त लागतं.

पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिला पाहणीची शिस्त लावली. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, अशी ती कामं. त्याच गाडगीळांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत हात घातला आणि पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. मोजणारा, संस्था उभारणारा आणि धोरण आखणारा माणूस एकच असणं, हे इथलं वैशिष्ट्य होतं. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोजच्या २२५० उष्मांकांइतकं अन्न ज्या खर्चात परवडतं ती रेषा धरली, तर १९६०-६१ मध्ये खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले निम्मे लोक तिच्या खाली होते. जमीनवाटपाने हे सुटणार नाही, मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी द्यावी लागेल, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तोच नमुना मिळाला.

या हिशेबाला तेवढ्याच तोलाचा विरोधही पुण्यातूनच झाला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणत होते, की एकाच माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी धरलं, तर आकडा फुगतो. दांडेकरांचा आक्षेप असा, की सुखात्म्यांची खालची रेषा धरली, तर खऱ्या भुकेलाही शरीराची सवय म्हणून सोडून दिलं जाईल. विद्यार्थ्याला हा वाद मुळातून वाचायला लावावा. मोजपट्टी कुठे ठेवायची या एका निर्णयावर किती कोटी माणसं गरिबांच्या यादीतून आत-बाहेर होतात, हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

बाहेरच्या जगात या विषयाची पुढची वर्षं मोठ्या सिद्धांतांच्या भांडणांची गेली. आधुनिकीकरण (गरीब देश श्रीमंत देशांच्याच वाटेने पुढे जातील), परावलंबन (श्रीमंत देशांवर अवलंबून असल्यामुळेच ते गरीब राहतात), मग १९८० च्या दशकात कर्जसंकट आणि बाजारवाद. विकासाचं वेगळं अर्थशास्त्र हवंच कशाला, असंही विचारून झालं. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल सुरू केला आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांनी विषयाला पुन्हा बळ आलं. नंतर चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि योजनेचा परिणाम तपासायचा, ही प्रयोगांची लाट आली. तिला २०१९ चं नोबेल मिळालं. त्या लाटेने कारणमीमांसेची शिस्त लावली हे खरं, पण ज्या गोष्टीची चिठ्ठी टाकता येत नाही, म्हणजे जमिनीची मालकी, जात, कारखान्याचं राजकारण, ती अभ्यासातूनच गळत गेली.

या सगळ्या गदारोळात सर्वांत टिकाऊ काम कुठलं झालं असं विचाराल, तर मी सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांकडे बोट दाखवेन. १९७५ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने सहा गावं निवडली. सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कंझरा आणि किनखेड, आणि दोन तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावात ४० घरं: १० भूमिहीन मजुरांची, १० लहान, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. पाहणी करणारा गावातच मुक्काम करून राहायचा आणि तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी पुन्हा जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. १९८० च्या दशकात काम थांबलं आणि २००१ पासून पुन्हा सुरू झालं. दुष्काळात बैल विकले जातात ते कशापायी, एका घराचं पीक बुडालं तर गाव त्याला किती सावरून घेतं, भूमिहीन घर त्या सावरण्यातून किती बाहेर राहतं, असे प्रश्न या वह्यांवर सोडवले गेले. जगभरच्या विद्यापीठांत विकासाचं अर्थशास्त्र शिकणारी मुलं कंझरा आणि शिरापूर ही नावं ओळखतात. सोलापूर-अकोल्यातल्या महाविद्यालयांत किती मुलांना ती माहीत असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

हे काम टिकलं ते मुक्कामामुळे आणि पुन्हा पुन्हा जाण्यामुळे. एकदाच जाऊन केलेली पाहणी कुठे फसते, हे तपशिलात सांगायला हवं, कारण विषयाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हेच शिक्षण.

पहिली चूक यादीपाशी होते. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जानेवारीत पाहणीला गेलं, तर कितीतरी घरांना कुलपं असतात. ऊसतोडीला गेलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. पाहणी करणारा ‘घर बंद’ लिहून शेजारचं घर घेतो. अशी दहा-पंधरा घरं बदलली, की हाती येतं ते गावात मागे राहिलेल्यांचं चित्र, आणि मागे राहतात ते ज्यांचं भागतं ते किंवा अगदी म्हातारे. उपाय सोपा पण कष्टाचा आहे: घरांची यादी श्रावणात करायची, बंद घर यादीतून काढायचं नाही, आणि मे महिन्यात त्या घरी पुन्हा जायचं. याच घरांत दुसरी चूक होते ती उचलीची. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली, तर ऑक्टोबरमध्ये ते घर गावातलं सधन घर दिसतं. ते कर्ज आहे आणि ते हातापायांनी फेडायचं आहे. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मजुरी एका नावावर लिहिली जाते आणि बाईचं काम कागदावरून नाहीसं होतं.

बाईचं काम नाहीसं होण्याची जागा राष्ट्रीय पाहणीतही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाच्या मुख्य कामाला सांकेतांक असतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि त्यासोबत सरपण, चारा, पाणी गोळा करणं, शिवणटिपण यांसारखी घरच्यासाठी केलेली कामं. दोन्ही सांकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. आता शेळ्या राखणाऱ्या, गोठा काढणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या बाईला घाईत विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ तर ती म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ बहुतेक वेळा हे उत्तर नवराच देतो. प्रश्न असा टाकायचा नसतो. काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं ते क्रमाने विचारायचं, दूध कुठे जातं आणि पैसे कुणाच्या खात्यावर येतात ते विचारायचं. एवढ्याने तीच बाई कामकरी ठरते.

जमिनीचंही तसंच. सातबारा हातात घेऊन गावात शिरणारा विद्यार्थी हमखास चुकतो. एका खात्यावर सहा नावं असतात, त्यांतला एक मुंबईत, बहिणींनी हक्क सोडून दिलेला किंवा सोडायचा राहिलेला, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन वेगळी. आणि दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा ठरीव रकमेवर करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर बहुधा सापडतच नाही. कूळ कायद्याच्या धास्तीने मालक ते लागू देत नाही, सगळं तोंडी असतं. ‘जमीन किती?’ या प्रश्नाला म्हणून खरं उत्तर येत नाही. ‘यंदा कुठली कुठली शेतं केली आणि माल घरात किती आला?’ असं विचारलं तर येतं. धान्य पायलीत सांगितलं तर गावातली पायली भरून वजन करून बघावं, कोष्टकातलं रूपांतर वापरू नये.

आणि आठवणीचा प्रश्न. गेल्या सात दिवसांत काय खाल्लं असं विचारा किंवा गेल्या तीस दिवसांत असं विचारा. सात दिवसांवरून काढलेला खर्च जास्त येतो, कारण महिनाभरापूर्वीचं माणूस विसरतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घराला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. साहजिकच माणसांनी आणि पाहणी करणाऱ्यांनी दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवून घेतली. सरकारी गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली. यातली घट किती खरी आणि किती रकान्यांची, यावर पुढे अनेक वर्षं वाद झाला. २०१७-१८ ची खर्चपाहणी सरकारने जाहीरच केली नाही. २०२२-२३ च्या पाहणीत एका घरी एकदाऐवजी तीन भेटी झाल्या, म्हणून २०११-१२ शी तुलना पुन्हा अवघड. २०२१ ची जनगणनाही वेळेवर झाली नाही. एवढ्या मोठ्या देशात गरिबी वाढली की घटली, याचं सरळ उत्तर देता येऊ नये, ही गंभीर गोष्ट आहे.

ससेक्सचे रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये बाहेरून येणाऱ्यांचे पूर्वग्रह एकेक करून दाखवले होते. डांबरी रस्त्याच्या कडेचंच गाव बघणं, कोरड्या हंगामातच येणं, योजना झालेल्या ठिकाणीच जाणं, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशीच बोलणं. आषाढात घरातलं धान्य संपलेलं असतं, कामाचा ताण असतो, आजारपण असतं, आणि नेमकं तेव्हा चिखलामुळे कुणी फिरकत नाही. गावकऱ्यांनीच गावाचा नकाशा काढायचा, माहिती मांडायची, या त्यांच्या सहभागी पद्धती आपल्याकडे पाणलोटाच्या कामांतून रुजल्या. पण शिवारफेरीला सरपंच पुढे असेल, गावाचा नकाशा देवळासमोर काढला जात असेल आणि दलित वस्तीतल्या बायका कडेला उभ्या असतील, तर तो नकाशा गावातल्या बलवानांचा असतो. दोन वस्त्यांत दोन वेगळे नकाशे काढायचे आणि मग ते शेजारी ठेवायचे. त्यांत जिथे फरक पडतो, तिथून अभ्यास सुरू होतो.

आता पहिल्या घराण्याचा आधार सुटतो आहे. ब्रिटनने आपलं विकास खातं २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन केलं, २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि २०२७ पर्यंत ती ०.३ करायचं जाहीर केलं. अमेरिकेची मदतसंस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. तिच्या पैशावर चार दशकं अनेक गरीब देशांत चाललेल्या लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांचं काम त्याआधीच फेब्रुवारीत थांबवण्यात आलं होतं. मुलांची उंची-वजनं, बाळंतपणातले मृत्यू, लसीकरण, हे ज्या देशांत दुसरं कुणी मोजतच नव्हतं, तिथे आता ती वह्यांची पानं कोरी राहण्याची भीती आहे. भारताची अशी पाहणी मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे, केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी ती होते. मोजण्याची यंत्रणा आपल्या घरात असण्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

म्हणून या विषयाचं भवितव्य लंडन किंवा हेगच्या विभागांवर अवलंबून आहे असं मला वाटत नाही. ते सोलापूर, नांदेड, गडचिरोलीच्या विद्यापीठांत ठरेल. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर मुलांना प्रत्यक्ष कामाचे चार श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास, म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत एका मुलाला गाव कळत नाही. पण तेच गाव दरवर्षी घेतलं, पहिल्या तुकडीने घरांची यादी केली, दुसरीने त्याच चाळीस घरांना श्रावणात आणि मेमध्ये भेट दिली, तिसरीने पुन्हा, तर दहा वर्षांनी त्या महाविद्यालयाकडे जगात कुठेही नसलेली माहिती असेल. आज होतं असं, की प्रत्येक मुलगा नवं गाव, नवी प्रश्नावली घेतो, शंभर घरं भरतो, प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवतो आणि भरलेले कागद रद्दीत जातात.

यासाठी लागतं ते थोडकं आहे. गाव बदलू न देणारा एक शिक्षक. सहा वर्षांनीही तसेच ठेवायचे पंधरा-वीस प्रश्न. नवे प्रश्न वाढवायचे असतील तर शेवटी वाढवायचे, जुन्यांचा क्रम आणि शब्द हलवायचे नाहीत, कारण प्रश्न हलला की उत्तर हलतं. घराला क्रमांक द्यायचा आणि नावांची यादी क्रमांकांपासून वेगळी, कुलपात ठेवायची. गावात सावकाराचं नाव फुटलं तर पुढच्या वर्षी कुणी दार उघडणार नाही. विभक्त झालेल्या घराला मूळ क्रमांकाखाली अ, ब लावायचं. आणि निष्कर्ष मराठीत, आठ-दहा पानांत लिहून ग्रामसभेत वाचायचे. चुकीचा आकडा तिथे जितक्या पटकन पकडला जातो तितका कुठल्याही परीक्षकाकडून पकडला जात नाही. हे वाचन पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात, ऊसतोडीची माणसं परतल्यावर ठेवावं.